पाव्हण्यांना कोल्हापूर दाखवायचंय? आधी घड्याळ बघा

सुट्टी लागली की पुण्या-मुंबईच्या पाव्हण्यांचे फोन सुरू, "येतोय रे, एका दिवसात काय काय होईल?" आणि आपण पण लगेच यादी वाचतो, अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, न्यू पॅलेस, रंकाळा. मग दिवसभर गाडीत बस, उतर, फोटो काढ, परत गाडीत बस. असं करू नका. आपल्या गावात कुठं जायचं ते नंतर, कधी जायचं ते आधी ठरवायचं. रंकाळा दुपारी दोनला दाखवला तर पाव्हणा म्हणणारच की तळंच आहे की हे, आणि त्याचं चुकत पण नाही.

सकाळी मिसळ, यात वाद नाही. फडतरे की बावडा की खासबाग हे भांडण घरातल्या घरात मिटवून निघा, दारात उभं राहून नको. पाव्हण्याला आधीच सांगा की आपल्याकडं मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस येतात, पाव कुठाय म्हणून वेटरला ओरडू नये. आणि कट परत मागायला लाजायचं नाही. दुपारी मटणाचं ताट, त्यात पांढरा रस्सा आधी प्यायला लावा, तांबडा नंतर, नाहीतर जीभ भाजली की पांढऱ्याची चव कळतच नाही. "व्हेज कोल्हापुरी कुठं चांगली मिळते" असं विचारणारा एक तरी असतोच, त्याला प्रेमानं समजवा की ती आम्ही पण बाहेरगावच्या हॉटेलातच बघितलीय.

थंडीत आले असतील तर मिसळ आणि जेवण याच्या मधला वेळ गुऱ्हाळाला द्या. माझ्या मते ही सगळ्यात भारी गोष्ट आणि हीच कुणी दाखवत नाही. गावाबाहेर पडायचं, उसाच्या पट्ट्यात धूर दिसला की गाडी बाजूला लावायची आणि आत जाऊन आधी विचारायचं, बघू का म्हणून, नाही कोण म्हणत नाही. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं जळत असतात, वर भली मोठी काहील, त्यात रस रटारटा उकळत असतो आणि वर आलेली मळी काढत राहतात. रस साफ व्हायला भेंडीच्या झाडाचं पाणी घालायची जुनी पद्धत आहे, अजून कुठं कुठं करतात, विचारून बघा. सगळा खेळ गुळव्याचा, म्हणजे गूळ शिजवणाऱ्याचा. तो पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटानं गोळी होतीय का बघतो, थर्मामीटर वगैरे काय नाही, आणि एकदा त्यानं हाक दिली की चार माणसं मिळून काहील वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या सपाट हौदात, ओततात. त्या वेळी पोरांना लांब धरा, पाक उडला तर कातडी निघते. वाफ्यातला कोमट गूळ खायला द्या, येताना काकवी घ्या, बास.

संध्याकाळ देवळाची. अंबाबाईचं देऊळ पश्चिमेला तोंड करून आहे म्हणून वर्षातनं दोनदा मावळतीची किरणं महाद्वारातनं थेट गाभाऱ्यात जातात, 9-10-11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. पहिल्या दिवशी पाय, मग छाती, मग चेहरा, असा क्रम. ढग आले किंवा धुरकट हवा असली की किरणं मधेच हरवतात, त्यामुळं पाव्हण्याला शंभर टक्के दिसणारच असा शब्द देऊ नका.

तिथनं चालत खासबाग. शाहू महाराज 1902 ला युरोपला गेले होते, रोमचं कलोसियम बघून आले आणि 1912 साली हे कुस्तीचं मैदान तयार झालं. मैदान रिकामं असलं तरी पाव्हण्याला एकदम वरच्या पायरीवर बसवा, मग खाली, मग कडेला, कुठनंही आखाडा सरळ दिसतो. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह, 1915 चं, पूर्वीचं पॅलेस थिएटर. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं, दुसऱ्या दिवशी संगीत नाटकातल्या ह्याच केशवरावांची जयंती होती. त्या रात्री जाणती माणसं रस्त्यावर उभी राहून रडली, हे पण सांगा पाव्हण्यांना, नुसतं खाणंपिणं सांगून गाव कळत नाही.

शाहू स्टेडियमला मॅच असेल तर देऊळ सोडून बाकी सगळं रद्द करा. पाटाकडील, शिवाजी तरुण, खंडोबा, नावं तालमींची आणि मंडळांची, खेळ फुटबॉल. फक्त कुठल्या पेठेच्या घोळक्यात बसतोय ते बघून बसा आणि पाव्हण्याला चुकीच्या गोलला टाळ्या वाजवू देऊ नका.

रात्री गंगावेशीत दूध कट्टा. म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात, वर बोटभर फेस. पोट नाजूक असेल तर कच्चं दूध नको, नुसतं बघू दे त्याला. आणि मग रंकाळा, भेळ घेऊन, वारं सुटल्यावर.

जुलै-ऑगस्टमध्ये येतो म्हणाले तर गोष्ट वेगळी. तेव्हा आपण सकाळी उठून आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो, 39 फूट इशारा, 43 धोका, राधानगरी धरणाचे सातपैकी किती दरवाजे उघडले ते पण तोंडपाठ. 2019 ला आणि 2021 ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. पातळी 35 च्या पुढं आणि पाऊस थांबेना असं असेल तर स्पष्ट सांगा, आता येऊ नका, आलात तर आठवडाभर आमच्याकडंच राहाल.

चप्पल शेवटी घ्या, चप्पल लाईनला, घाई न करता. संध्याकाळी घ्यायची कारण दिवसभर चालून पाय जरा सुजलेला असतो, सकाळी मापाची वाटलेली रात्री चावते. नवीन पायताणाला आतनं खोबरेल चोळायचं, पहिले काही दिवस घरातल्या घरात वापरायचं आणि पावसात अजिबात न्यायचं नाही. भाव करा, पण हातशिलाईची असेल तर फार ताणू नका, त्या कारागिराला त्यातनं किती उरतं ते आपल्याला माहितीय.