घशातला पिवळा थर

माझं शर्यतीचं एक कबुतर दाणा चोचीत घ्यायचं आणि टाकून द्यायचं. थकलं असेल, असं समजून मी दोन दिवस घालवले; त्याची आजही हळहळ वाटते. शेवटी चोच उघडून टॉर्च मारला, तर घशात चीजसारखा पिवळा थर. कँकर! कबुतरांचा हा आजार ट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवीमुळे होतो; तो सामाईक पाण्यातून आणि पिल्लांना भरवताना पसरतो. थर खरवडू नका, रक्त येतं. पशुवैद्यांनी घशातला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि सगळ्याच कबुतरांना रोनिडाझोल हे औषध दिलं, कारण धडधाकट दिसणारी कबुतरंही हा परजीवी बाळगून असतात. कबुतर वाचलं. आता पाण्याची भांडी रोज घासून कडक वाळवतो; कोरड्यात हा परजीवी तगत नाही. नवं कबुतर ३० दिवस वेगळं ठेवतो.