टेक्निकल रायटर व्हायचंय? आधी विहिरीवरचा पंप लिहून काढा

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधकंपन्या आहेत, पणजी-पर्वरीकडे सॉफ्टवेअरची लहानमोठी ऑफिसं आहेत. दोन्हीकडे कुणीतरी एसओपी (काम ठरल्या पद्धतीने कसं करायचं ते सांगणारा कागद), मॅन्युअल नाहीतर हेल्पची पानं लिहीत बसलेलं असतं. हेच टेक्निकल रायटर. त्यातले बरेचसे माझ्यासारखे आडवाटेने आलेले. मी मुळात केमिस्ट्रीवाली. "हे शिकायचं कसं?" असं घरातल्या पोरांनी विचारलं की कोर्सचं नाव मी नंतर सांगते. आधी विचारते, घरात पंप आहे ना?

पायरी १ : आधी हात, मग पेन

आमच्या फोंड्याच्या घरी मे महिन्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की पंप एअर धरतो. मोटर फिरते, टाकीत थेंब पडत नाही. तेव्हा पंपात वरून पाणी भरावं लागतं, त्याला प्रायमिंग म्हणतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मोठ्या रुबाबात मी त्याचा कागद केला होता. त्यातलं पहिलंच वाक्य असं :

"पंप सुरू करण्यापूर्वी प्रायमिंग झाल्याची खात्री करण्यात यावी व आवश्यकता भासल्यास पाणी भरण्यात यावे."

व्याकरण बिनचूक, उपयोग शून्य. पाणी कुणी भरायचं, कुठून, किती? आपण गोंयकार कोकणीत बोलतो, मराठीत पेपर वाचतो आणि नोकरीतलं लिखाण इंग्रजीत करतो. परिपत्रकातलं हे 'करण्यात यावे' मात्र तिन्हीकडे आपल्याबरोबर येतं. मग एकदा मी स्वतः बादली घेऊन विहिरीपाशी गेले आणि प्रत्येक हालचाल झाली तशी टिपली :

सावधान : पंप कोरडा फिरवू नका. आतलं सील जळतं.
१. मेन स्विच बंद करा.
२. पंपावरचं पितळी बूच पान्याने काढा.
३. त्या भोकातून पाणी ओता. बुडबुडे थांबून पाणी काठाला येईपर्यंत ओतत राहा.
४. बूच घट्ट बसवा.
५. स्विच चालू करा. दोन मिनिटांत टाकीत पाणी आलं नाही, तर लगेच बंद करा.

सावधानतेची ओळ सगळ्यांत वर आहे, ती मुद्दाम. ती पाचव्या ओळीनंतर लिहिली असती तर वाचणारा तिथे पोचेपर्यंत सील गेलेलं असतं.

पायरी २ : कागद दुसऱ्याच्या हातात द्या आणि गप्प बसा

खरं शिक्षण इथेच होतं, आणि नेमकी हीच पायरी सगळे गाळतात. मी कागद काकीला दिला आणि पायरीवर बसले. दुसऱ्या ओळीपाशी ती थांबली. "पानो खंयचो?" मी लिहीत होते तेव्हा पाना माझ्या हातातच होता, म्हणून कितीचा आणि कुठे ठेवलेला, हे लिहायचं सुचलंच नाही. तिसऱ्या ओळीला ती पाणी ओतत राहिली, ओतत राहिली, पाणी काठाला येईचना. विहिरीतला फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाशी पाणी परत जाऊ न देणारी झडप, गळत होता; वरून ओतलेलं सगळं परत खाली जात होतं. म्हणजे माझ्या कागदात 'असं झालं नाही तर काय' हा भागच नव्हता.

या वेळी तोंड उघडायचं नाही. "अगं, तो डावीकडचा" असं सांगायचा मोह अनावर होतो. पण तुम्ही कागदाबरोबर प्रत्येकाच्या घरी जाणार आहात का? हात कुठे थांबला, नजर कुठे परत वर गेली, तेवढं टिपा. नंतर "समजलं का?" असंही विचारू नका. माणसं भिडेखातर हो म्हणतात.

पायरी ३ : वाक्यं मोजा

विमानांच्या देखभालीची मॅन्युअलं लिहायला 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' नावाचं एक मानक आहे. त्यात कृतीचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, वर्णनाचं २५ शब्दांचं, आणि एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ. विमानं लिहायची नसली तरी महिनाभर हा नियम पाळून बघा. वर 'बूच' म्हटलंत तर खाली 'झाकण' म्हणू नका. शाळेत एकच शब्द पुन्हा वापरला की बाई लाल रेघ मारायच्या. इथे तो पुन्हा वापरायलाच पगार मिळतो.

पायरी ४ : हत्यारं, पण थोडीच

सॉफ्टवेअरकडे जायचं असेल तर मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकुराची मांडणी करायची पद्धत) शिका. एका दुपारचं काम आहे. गिटला (फाइलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) दोन आठवडे द्या. गूगलचा टेक्निकल रायटिंगचा कोर्स आणि मायक्रोसॉफ्टची लेखनशैलीची मार्गदर्शिका, दोन्ही नेटवर फुकट आहेत. डिटा (मजकूर सुट्या तुकड्यांत लिहून पुन्हा पुन्हा वापरायचं मानक) वगैरे नोकरी लागल्यावर, कंपनीने मागितलं तरच.

औषधकंपनीत शिस्त वेगळी. नोंदीत चूक झाली तर व्हाइटनर चालत नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. प्रत्येक एसओपीला आवृत्ती क्रमांक आणि लागू होण्याची तारीख असते. एका ठिकाणी मी एसओपी सुधारली, सह्या झाल्या, आणि तीन आठवड्यांनी पाहते तर मशीनशेजारी जुनीच प्रत चिकटवलेली. ऑपरेटर इमानदारीत तिच्याप्रमाणे काम करत होता. त्या दिवशी मी खाल्लेल्या बोलण्यांचा तपशील राहू दे. पण तेव्हापासून जुने कागद काढून आणणं हाही लिहिण्याचाच भाग, असं मी धरते.

पायरी ५ : मुद्रित तपासा, मोठ्याने

१५६३ साली इथेच, गोव्यात, गार्सिया द ओर्ता यांचा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ छापला गेला. मांडणी दोन माणसांच्या सवाल-जवाबाची, आज आपण करतो त्या प्रश्नोत्तरांसारखीच. पण छपाईच्या चुका इतक्या की शुद्धिपत्रालाच कितीतरी पानं लागली. तुम्ही तिथवर जाऊ नका. आकडे आणि एककं दुसऱ्याकडून वाचून घ्या. मिलिग्रॅमचं ग्रॅम झालेलं स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही.

पायरी ६ : तीन नमुने

अनुभव नाही म्हणून अडू नका. एक घरचं यंत्र, एक मोबाइल अॅप, आणि एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरच्या मदतपानात तुम्ही केलेली दुरुस्ती, एवढं पुरे. मात्र प्रत्येक नमुन्याबरोबर पहिला खर्डाही जोडा आणि वाचणारा कुठे अडला ते समासात लिहा. मी नव्या मुलांच्या मुलाखती घेते तेव्हा गुळगुळीत पीडीएफ बाजूला ठेवून आधी तो समास वाचते.