थेरप्यूटिक बोर्डिंग स्कूल निवडताय? स्टाफ पारखताना या चुका टाळा

फोन शक्यतो रात्री येतो आणि सुरुवात नेहमी दुसऱ्याच्या मुलापासून होते. "आमच्या एका ओळखीच्यांचा मुलगा आहे, सोळाचा..." पाच मिनिटांत कळतं की मुलगा यांचाच. शाळा सुटलीय, खोलीबाहेर येत नाही, गांजा सापडलाय, एकदा बापाच्या अंगावर धावून गेला. समुपदेशन झालं, औषधं झाली, एकदा हॉस्पिटलही झालं. आता कुणीतरी अमेरिकेतल्या युटा किंवा मोंटाना राज्यातल्या थेरप्यूटिक बोर्डिंग स्कूलचं नाव सुचवलंय. "तुम्ही अशा ठिकाणी काम केलंय ना?"

केलंय. एमएसडब्ल्यू करताना दीड वर्ष मी अमेरिकेच्या डोंगराळ भागातल्या, फक्त मुलग्यांच्या अशाच एका निवासी शाळेत रात्रपाळी केली. आता लायसन्स असलेला थेरपिस्ट आहे, म्हणजे जिन्याच्या दोन्ही टोकांना उभं राहून पाहिलंय. शाळा आणि उपचार एका छपराखाली, मुक्काम बहुधा वर्षभराचा किंवा जास्त, खर्च अनेक ठिकाणी महिन्याला दहा हजार डॉलरच्या घरात. एवढे पैसे मोजणारे आईबाप चौकशी मात्र भलत्याच माणसांची करतात.

'आमची टीम' हे पान वरून वाचणं

पानावर सगळ्यात वर संस्थापक, मग एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर, मग क्लिनिकल डायरेक्टर. पीएच.डी., पंचवीस वर्षांचा अनुभव, शेजारी गोल्डन रिट्रीव्हर. आपल्या मंडळींना पदव्यांचं वेड आहेच. इथवर वाचून निम्मा निर्णय झालेला असतो.

जरा हिशेब करा. आठवड्याचे तास १६८. त्यात थेरपिस्टबरोबरचा एक तास, व्हिडिओवर कुटुंबासोबतचा एक, गटात बसण्याचे तीन-चार. शाळेचे तीस धरा. उरलेले सव्वाशेच्या वर तास तुमचा मुलगा ज्यांच्यासोबत काढतो, त्यांचे फोटो त्या पानावर बहुधा नसतात. असलेच तर तळाशी, नुसत्या पहिल्या नावानिशी. त्यांना मेंटॉर म्हणतात, रेसिडेन्शियल स्टाफ म्हणतात. बहुतेक विशी-पंचविशीतली पोरं, तासावर पगार, आणि जवळच्या गोदामात तासाला दोन डॉलर जास्त मिळाले की निघून जाणारी. मुलाला उठवणं, त्याने खाल्लं का बघणं, भांडण सोडवणं, रात्री बाथरूममध्ये कोण जास्त वेळ गेलाय याकडे कान ठेवणं, हे सगळं त्यांच्या अंगावर.

माझ्या दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. अकरा मुलं आणि रात्री मी एकटा. एक मुलगा जेवत नव्हता. संध्याकाळच्या पाळीतल्या मेंटॉरने जाताना सहज सांगितलं. मी वहीत लिहिलं. दुसऱ्या रात्री पुन्हा लिहिलं. तिसऱ्या रात्री वही उलटून पाहिली, तर माझ्या दोन्ही नोंदींखाली कुणाचीच सही नाही. दिवसा ती वही कुणी उघडतच नव्हतं. चौथ्या दिवशी पाळी संपल्यावर मी घरी न जाता थेरपिस्टच्या दारात जाऊन बसलो. तिला काहीच माहीत नव्हतं, आणि आदल्या दिवशीच तिने त्या मुलाच्या आईला "छान रुळतोय" असं सांगितलं होतं. बाई वाईट नव्हती. तिच्याकडे तेरा मुलं होती आणि तिच्यापर्यंत बातमी यायची वाटच नव्हती. चूक माझीही होतीच: लिहिलं की काम झालं, असं मी दोन रात्री धरून चाललो.

म्हणून संस्थेचं नेतृत्व कसं आहे हे मी एकाच गोष्टीवरून पाहतो. रात्री दोन वाजता कॉरिडॉरमध्ये घडलेली गोष्ट सकाळी नऊपर्यंत डायरेक्टरच्या कानावर जाते का, आणि कुणामार्फत? हाच प्रश्न भेटीत विचारा. "आमचं कम्युनिकेशन उत्तम आहे" हे उत्तर नव्हे. "पावणेसातला पाळी बदलते, पंधरा मिनिटं दोन्ही पाळ्या एकत्र बसतात, त्याची नोंद थेरपिस्ट साडेआठच्या मीटिंगमध्ये वाचतात," हे उत्तर.

मग पुढचे प्रश्न. रात्री किती मुलांमागे किती माणसं, आणि ती जागी असतात की झोपलेली? शनिवार-रविवारी किती? दिवसाचं गुणोत्तर सगळे अभिमानाने सांगतात, त्यात बऱ्याचदा शिक्षक आणि ऑफिसातली माणसंही मोजलेली असतात. गेल्या वर्षात मेंटॉरपैकी किती सोडून गेले? सध्याचा सगळ्यात जुना मेंटॉर किती वर्षांपासून इथे आहे? पहिली पाळी एकट्याने करण्याआधी किती दिवस प्रशिक्षण? रात्री औषधं कोण देतं, नर्स की मेंटॉर? आणि शक्य असेल तर डायरेक्टर समोर नसताना एखाद्या मेंटॉरशी दहा मिनिटं बोला. तो मुलांची नावं घेऊन बोलतो की नियम पाठ म्हणून दाखवतो, यावरून मला जितकं कळतं तितकं ब्रोशरवरून कधीच कळलेलं नाही.

नावापुढची अक्षरं न उलगडणं

थेरपिस्टच्या नावापुढे एलसीएसडब्ल्यू, एलएमएफटी, एलपीसी असं काही दिसलं तर ते राज्याचं लायसन्स आहे, आणि राज्याच्या लायसन्सिंग बोर्डाच्या वेबसाइटवर नाव टाकून तपासता येतं. शिस्तभंगाची कारवाई झाली असेल तर तीही तिथे सापडते. पाच मिनिटांचं काम आहे, पण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी क्वचितच कुणी केलेलं असतं.

एक बारीक खोच लक्षात ठेवा. 'असोसिएट' किंवा 'इंटर्न' म्हणजे अजून दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करणारा. युटात नुसतं सीएसडब्ल्यू लिहिलं असेल, पुढे एल नसेल, तर तेच. त्यात गैर काही नाही, मीही त्यातूनच आलो. फक्त देखरेख करणारा कोण आणि आठवड्यातून किती वेळ, हे विचारायचं. मोठा घोळ आहे तो 'कोच', 'मेंटॉर', 'लाइफ स्किल्स स्पेशालिस्ट' या नावांचा. ही नावं लावायला कुठलंच लायसन्स लागत नाही.

शिस्त म्हणजे उपचार, असं मानणं

ही चूक आपल्याकडे जरा जास्तच होते. घरात कुणी काका असतातच, "आम्हाला साताऱ्याला सैनिक स्कूलला टाकलं, सरळ झालो" म्हणणारे. काका, तुम्ही प्रवेश परीक्षा देऊन गेला होतात, आणि तुम्हाला नैराश्य नव्हतं. पहाटे पाचला उठवून धावायला लावल्याने आत्महत्येचे विचार पळत नाहीत.

डायरेक्टर 'कणखर' वाटतो म्हणून भारावून जाऊ नका. तो कुठल्या वळणाचा आहे ते शोधा. कारण या धंद्याला एक वंशावळ आहे. चार्ल्स डेडरिकने १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात व्यसनमुक्तीसाठी सिनॅनॉन सुरू केलं. तिथे गोलात बसवून एकेकाला शिव्या घालून 'फोडायची' पद्धत होती. त्या विचारातून आलेल्या मेल वॉसरमनने १९६७ मध्ये सीडू ही निवासी शाळा काढली, आणि पुढे कितीतरी शाळांचे संस्थापक आणि स्टाफ सीडूतून बाहेर पडले. सीडू २००५ मध्ये बंद पडली. माणसं आणि सवयी पांगल्या. आज कुणी त्या शिव्यांच्या पद्धतीला 'अटॅक थेरपी' म्हणत नाही, 'अकाउंटेबिलिटी ग्रुप' म्हणतात. त्या गटात काय होतं, मुलाला गप्प बसायची मुभा आहे का, हे विचारा. डायरेक्टरची आधीची नोकरी कुठे होती आणि ती जागा बंद का झाली, हेही. नाव बदलून तीच मंडळी पुन्हा उभी राहिल्याचे प्रकार झालेत. राज्याच्या कंपनी नोंदणीत मालकांची नावं पाहता येतात.

दुसरा प्रश्न धरपकडीचा. मुलगा भडकला तर त्याला शारीरिकरीत्या धरून ठेवण्याला 'रिस्ट्रेंट' म्हणतात. गेल्या तीन महिन्यांत किती वेळा झालं, स्टाफला कुठल्या पद्धतीचं प्रशिक्षण आहे, आणि पालकांना किती तासांत कळवतात? "आमच्याकडे कधीच होत नाही" या उत्तराने मी तरी जास्त सावध होतो.

हे भित्रेपण नाही. अमेरिकी संसदेची लेखापरीक्षण संस्था, गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस, हिने २००७ मध्ये अशा निवासी कार्यक्रमांची चौकशी केली. एकट्या २००५ सालात ३३ राज्यांनी मिळून १,६१९ कर्मचारी मुलांशी झालेल्या गैरवर्तनाच्या घटनांमध्ये गुंतल्याचं कळवलं होतं. मुलं दगावलेली दहा प्रकरणं त्यांनी खोलात तपासली. त्यात पुन्हा पुन्हा दिसलं ते ढिसाळ व्यवस्थापन आणि अप्रशिक्षित स्टाफ.

भिंतीवरच्या शिक्क्यांना लायसन्स समजणं

नॅटसॅप ही १९९९ पासूनची संघटना आहे, पण ती या क्षेत्रातल्या संस्थांचीच संघटना. कॉग्निया या शाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता अभ्यासक्रमाची, म्हणजे क्रेडिट्स दुसऱ्या शाळेत चालतील एवढं. मुलाच्या सुरक्षिततेवर नजर ठेवते ती राज्याची लायसन्सिंग यंत्रणा, आणि ती राज्यागणिक वेगळी. युटाने २०२१ मध्ये कायदा कडक केला: वर्षातून चार तपासण्या, रिस्ट्रेंटची राज्याला कळवणी, आठवड्यातून एकदा कुटुंबाशी खासगीत बोलण्याचा हक्क. मोंटानात २०१९ पर्यंत देखरेख करणाऱ्या मंडळात कार्यक्रम चालवणाऱ्यांचंच बहुमत होतं. मग ते काम आरोग्य खात्याकडे गेलं. मिसूरीत धार्मिक निवासी शाळांना लायसन्सच लागत नसे, आणि कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणं तिथे २०२१ च्या कायद्याने सक्तीचं झालं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा झाला खरा, पण त्याचा भर अभ्यास आणि शिफारशींवर आहे; केंद्राचं लायसन्स असं काही त्यातून आलेलं नाही. तेव्हा राज्याच्या साइटवर शाळेचे तपासणी अहवाल काढून वाचा. एखादी त्रुटी सगळीकडे सापडते. तीच त्रुटी तीन अहवालांत सलग दिसली, तर तो डायरेक्टरचा स्वभाव समजा.

शाळा सुचवणाऱ्या सल्लागाराला "तुम्हाला शाळेकडून काही मिळतं का?" असं थेट विचारा. भिडेपोटी हा प्रश्न राहून जातो.

आत गेल्यावर गडबड वाटली तर

प्रवेशाच्या वेळी बहुतेक शाळा सांगतात, की पहिले काही आठवडे मुलगा तक्रारी करेल, घरी न्या म्हणेल, विश्वास ठेवू नका, तो तुम्हाला 'मॅनिप्युलेट' करतोय. कधीकधी ते खरंही असतं. पण या वाक्याचा परिणाम असा होतो, की खरी तक्रारसुद्धा दाराबाहेरच राहते. मुलाने मोघम "इथे वाईट आहे" म्हटलं तर थांबून बघा. त्याने माणसाचं नाव, जागा, वेळ सांगितली, तर त्याच दिवशी हाला.

वर्षात तिसरा थेरपिस्ट, दर आठवड्याला ऐनवेळी रद्द होणारा कॉल, व्हिडिओवर उतरलेला चेहरा, न विचारता वाढलेली औषधं: यातलं एक दिसलं तर क्लिनिकल डायरेक्टरला लेखी विचारा, दोन दिसली तर विमानाचं तिकीट काढा. न कळवता जा. मुलाला कॅम्पसबाहेर जेवायला न्या आणि पहिला अर्धा तास काहीही विचारू नका. घटनांचे अहवाल लेखी मागा. मार, उपासमार, लैंगिक त्रास असं काही असेल, तर डायरेक्टरशी चर्चा करत बसू नका. राज्याच्या बालसंरक्षण हेल्पलाइनला आणि लायसन्सिंग कार्यालयाला कळवा. मुलगा जिवाचं बोलत असेल तर ९८८, ही अमेरिकेतली आत्महत्या रोखण्यासाठीची हेल्पलाइन.

परत आणायचं ठरलं, तर प्रवेशाच्या वेळी शाळेला दिलेले अधिकार लेखी रद्द करा. औषधांचा पुरवठा, डिस्चार्ज समरी आणि क्रेडिट्सचं ट्रान्सक्रिप्ट हातात घेऊनच निघा, आणि घराजवळच्या थेरपिस्टची वेळ आधीच ठरवून ठेवा. मुलाला गाडीत घातल्यावर फार्मसी शोधत फिरणारे आईबाप मी पाहिलेत.

फोनच्या यादीत आजी नसणं

शेवटची चूक छोटी वाटते. बऱ्याच ठिकाणी कॉल स्टाफसमोर होतात, आणि स्टाफला कळावं म्हणून इंग्रजीतच बोला असा आग्रह असतो. पुण्यात आजीला "हॉस्टेलला गेलाय" एवढंच सांगितलेलं, तिचं इंग्रजी "हाऊ आर यू"पुढे जात नाही, आणि मुलाच्या मंजूर नावांच्या यादीत तिचं नावच नाही. प्रवेश होण्याआधीच विचारा: मराठीत बोलला तर फोन तोडाल का? समजूतदार डायरेक्टर यावर वाट काढतो. एका शाळेने तर आठवड्यातली दहा मिनिटं निव्वळ आजीसाठी मोकळी ठेवली होती. पुढे नाव घालायला थेरपिस्टची परवानगी लागते आणि त्यात महिना जातो. फॉर्मवर पहिल्याच दिवशी आजीचं नाव लिहा, तिचा नंबर +९१ सकट, आणि भारतात तेव्हा किती वाजलेले असतात तेही.