घर बघायला जाल तेव्हा पोलीस ठाण्याची हद्दही बघा

भाचीला पुण्यात खराडीला नोकरी लागली आणि भाड्याच्या घराची शोधाशोध सुरू झाली. तिचा फोन आला, "मावशी, हा एरिया सेफ आहे का गं?" मी म्हटलं, हा प्रश्न कुणाला विचारूच नकोस. एजंट म्हणणार "एकदम सेफ", आणि खालची शेजारीण म्हणणार "काही खरं नाही बाई". तिथे चोरी होते ती कसली, किती वाजता आणि कुठल्या वाटेनं, एवढंच शोधायचं. बँकेत तीस वर्षं आकडे जुळवले, म्हणून हे काम मी आवडीनं अंगावर घेतलं.

आधी घर कुठल्या ठाण्याच्या हद्दीत येतं ते काढा. सोपं वाटतं, पण पुण्यात २०२४ मध्ये सात नवी ठाणी झाली: खराडी, बाणेर, वाघोली, आंबेगाव, नांदेड सिटी, फुरसुंगी आणि काळेपडळ. खराडीचा भाग त्याआधी चंदननगर ठाण्याकडे होता. त्यामुळे "चंदननगरमधले गुन्हे कमी झाले" असं कुणी सांगितलं, तर आधी हद्द कमी झाली का ते विचारायचं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल यासाठी उपयोगाचा नाही. त्यात अख्ख्या शहराचा दर असतो, दर लाख लोकसंख्येमागे इतके गुन्हे असा. आपल्याला घर एका गल्लीत घ्यायचंय.

मग महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जा. तिथे प्रकाशित एफआयआर बघायची सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एफआयआर संकेतस्थळावर टाकायला सांगितलं, त्याचा हा फायदा. शहर, ठाणं आणि तारखा भरल्या की यादी येते. मी तीन महिन्यांची काढली आणि वहीत रकाने पाडले. कलमं ओळखता आली की काम भराभर होतं. भारतीय न्याय संहितेचं ३०३ म्हणजे चोरी, गाड्यांच्या चोऱ्या बहुतेक इथेच सापडतात. ३०४ म्हणजे हिसकावून नेणं, आपली सोनसाखळी. ३०५ राहत्या घरातली चोरी, आणि ३३१ घरफोडी. ३३१ च्या पोटकलमाकडे जरूर बघा: चोरीसाठी दिवसा घर फोडलं तर (३), सूर्यास्तानंतर फोडलं तर (४). ही संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, त्याआधीच्या गुन्ह्यांना जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं दिसतील: चोरीला ३७९, घरफोडीला ४५४ किंवा ४५७.

३१८ हे फसवणुकीचं कलम. आयटीवाल्यांच्या वस्तीत त्याची रांग दिसली तर घाबरू नका. कुणीतरी घरात बसून शेअरच्या नादानं पैसे घालवले, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. गल्लीतल्या अंधाराशी त्याचा संबंध नाही, म्हणून मी तो रकाना बाजूला ठेवते. उलटही लक्षात ठेवा: लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील एफआयआर तिथे टाकत नाहीत, आणि चोरीला गेलेले कितीतरी मोबाईल "गहाळ" म्हणूनच नोंदवले जातात. म्हणून यादी कोरी दिसली तरी तेवढ्यावर भरवसा नको.

एफआयआर उघडून घटनेची जागा वाचा. ठाण्यापासूनचं अंतर आणि दिशाही लिहिलेली असते. भाचीच्या यादीत बहुतेक गाड्या रस्त्यावर लावलेल्या होत्या. म्हणजे तिच्या स्कूटीला आत पार्किंग हवं, हे घर बघण्याआधीच ठरलं.

आता पायी फिरा, तीनदा: दुपारी दोनला, संध्याकाळी साताला आणि रात्री दहानंतर. दुपार लोक विसरतात. सगळे कामावर गेलेले, वॉचमनकाका जेवून पेंगतायत, बंद फ्लॅट फोडायला याहून निवांत वेळ कुठली? रात्री बस थांब्यापासून इमारतीपर्यंत चालत या आणि बंद दिवे मोजा. इस्त्रीवाल्याला किंवा मेडिकलवाल्याला "इथे चोऱ्या होतात का" असं विचारू नका, तो तुम्हाला संशयानं बघेल. "रात्री गाडी बाहेर ठेवली तर चालते का?" असं विचारा. भाचीला इस्त्रीवाल्यानं लगेच सांगितलं, "पेट्रोल काढतात ताई, त्या मोकळ्या प्लॉटच्या बाजूला लावू नका."

सोसायटीत शिरलात की कॅमेरे किती हे मोजत बसू नका. सेक्रेटरींना म्हणा, दहा दिवसांपूर्वीचं फुटेज दाखवता का? आमच्याकडे दिवाळीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट फुटला. कडी-कोयंडा उचकटलेला, कपाट पालथं. ते लोक गावाहून परत येईपर्यंत अकरा दिवस झाले होते आणि डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यांचं फुटेज साठवणाऱ्या डब्यात, नऊच दिवसांचं साठत होतं. जे उरलं होतं, त्याचं घड्याळ चाळीस मिनिटं मागे. सोळा कॅमेऱ्यांचं बिल भरणारी सोसायटी, त्यात मीही आले, आणि कुणी एकदाही घड्याळ बघितलं नव्हतं. पंचनाम्याच्या वेळी हवालदार काही बोलला नाही, नुसता हसला.

फ्लॅटमध्ये दाराचा कोयंडा हातानं हलवून बघा. बाहेरून लटकणारं कुलूप म्हणजे "घरात कुणी नाही" अशी पाटीच. आतल्या बाजूचं लॅच हवं. बाथरूमच्या डक्टमधल्या पाइपावरून गॅलरीत पाय ठेवता येतो का, तेही डोकावून बघा.

पसंत पडलं तर भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरून घ्या. हे काम घरमालकाचं, पण मागे लागल्याशिवाय होत नाही. पोचपावती आपल्याकडे ठेवा. तातडीला ११२, ऑनलाइन पैसे गेले तर १९३०. ऑनलाइन तक्रार दिलीत तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करायची असते, नाहीतर गुन्हा नोंदला जात नाही.

भाचीनं शेवटी दुसरं घर घेतलं, भाडं दोन हजारांनी जास्त. सामान लागायच्या आत मी तिला लॅचचं सिलिंडर बदलायला लावलं, कारण आधीच्या भाडेकरूच्या चाव्या किती जणांकडे होत्या ते घरमालकालाही ठाऊक नव्हतं. आणि सेक्रेटरींकडून डीव्हीआरचं घड्याळ लावून घेतलं. सात मिनिटं पुढे होतं.