मालक बदलतात, टॉवर तिथेच असतो: अमेरिकेतल्या छोट्या एएम स्टेशनांचं काम

इलेक्ट्रॉनिक्स शिकायला अमेरिकेत आलेली आपली मुलं-मुली एक तर चिपकडे जातात, नाहीतर सॉफ्टवेअरकडे. मधूनच एखाद्याचा निरोप येतो, "काका, ते ट्रान्समीटरचं काम कसं असतं? त्यात शिरता येईल का?" येतं. पण आधी हा धंदा चालतो कसा ते ऐका.

आपल्याकडे मीडियम वेव्ह, म्हणजे इथलं एएम, म्हटलं की आकाशवाणी. मालक सरकार, त्यामुळे मालक बदलायचा प्रश्नच येत नाही. खासगी कंपन्यांच्या वाट्याला आलं ते एफएम. इथे चार हजारांहून जास्त एएम स्टेशनं आहेत आणि बहुतेक खासगी. त्यातली लहान स्टेशनं वर्षानुवर्षं एकाच घरात असतात. मालक थकतो, मुलांना त्यात रस नसतो, स्टेशन विक्रीला निघतं. घेणारा कधी चर्चवाला, कधी स्पॅनिश कार्यक्रम करणारा, कधी आपल्यातलाच हिंदी-पंजाबी गाणी लावणारा. पूर्ण पगारी इंजिनियर अशा ठिकाणी परवडत नाही. आसपासची चार-पाच स्टेशनं मिळून एक कंत्राटी माणूस ठेवतात. माझं काम ते.

नव्या मालकाचा फोन आला की बिघाड काय हे विचारण्याआधी मी विचारतो, तुमच्या नावावर नेमकं काय आहे? लायसन्स, ट्रान्समीटर, टॉवर आणि जमीन या चार गोष्टींचे मालक चार असू शकतात. लायसन्स विकायला एफसीसीची, म्हणजे रेडिओ लायसन्स देणाऱ्या इथल्या सरकारी आयोगाची, परवानगी लागते. नुसतं स्टेशन विकलं तर 314 नंबरचा फॉर्म, अख्ख्या कंपनीचा ताबा बदलला तर 315. त्यावर जाहीर सूचना निघते आणि हरकतींसाठी 30 दिवस जातात. तोवर घेणारा बहुधा प्रसारणाची वेळ भाड्याने घेऊन आपले कार्यक्रम सुरू करतो. एफसीसीपुढे जबाबदारी मात्र जुन्याचीच. यंत्र बंद पडलं की खर्च कुणी करायचा यावर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि ते पडायचंच तर नेमकं याच काळात पडतं.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यात सगळं आलं. एक किलोवॉटचं स्टेशन, नुकतंच हातबदल झालेलं. शेजारच्या गावात आवाज पोचत नाही अशी तक्रार. नव्या मालकाच्या मते ट्रान्समीटर म्हातारा झालेला, नवा घ्यायची बोलणीही सुरू. मी गेलो तर ट्रान्समीटरचा मीटर पूर्ण किलोवॉट दाखवत होता.

एएममध्ये टॉवर हाच अँटेना असतो. चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा, आणि त्याच्या पायाशी किती अँपिअर जातात हे सांगणारा मीटर असतो. करंटचा वर्ग गुणिले रोध म्हणजे पॉवर, हे बारावीचं गणित. लायसन्सवर रोध 50 ओहम लिहिला होता. म्हणजे किलोवॉटला करंट साडेचारच्या जरासा खाली हवा. काटा होता 3.9 वर. कागदाच्या हिशेबाने ही पॉवर 760 वॉट, आणि मंजूर पॉवरच्या 90 टक्क्यांखाली जायला परवानगी नाही. ट्रान्समीटर म्हणतो हजार, टॉवर म्हणतो 760. दोघंही खरं बोलत असतील तर रोधच बदललेला असणार. ब्रिज लावून मोजला, तर 65 च्या आसपास. जास्तीचे 15 ओहम जमिनीत होते.

कुंपणाच्या आत गवत कमरेएवढं. ते बाजूला केल्यावर टॉवरच्या पायाशी तांब्याच्या पट्ट्यांचे कापलेले तुकडे दिसले, आणि त्यापुढे माती ओळीने उकरलेली. एएम टॉवरखाली चारी दिशांना तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात, साधारण 120, प्रत्येक पाव तरंगलांबीची. 1400 किलोहर्ट्झ धरलं तर एक तार सुमारे 53 मीटर, म्हणजे सगळं मिळून सहा किलोमीटरहून जास्त तांबं. भंगारवाल्याला याहून काय हवं? बऱ्याचशा तारा चोरांनी ओढून नेल्या होत्या, आणि उरलेली पॉवर माती तापवण्यात जात होती. नवा ट्रान्समीटर घेतला असता तरी त्यानेही तेच केलं असतं.

मग खरी गंमत. खरेदीखतात ट्रान्समीटर होता, टॉवर होता, ट्यूनिंगची पेटीसुद्धा होती. जमिनीतल्या तांब्याचा उल्लेख नव्हता. जमीन जुन्या मालकाकडेच, भाडेकराराने दिलेली. चोरी विक्रीच्या आधी झाली की नंतर, हे कुणी सांगू शकेना, कारण बेस करंटच्या नोंदींची वही जुन्या ऑफिसाबरोबर कचऱ्यात गेली होती. दोन्ही विमा कंपन्यांनी हात वर केले. शेवटी नव्या मालकाने पदरमोड केली. म्हणून मी आता हस्तांतराच्या आधीच जातो, करंट आणि रोध मोजतो, मीटरचा फोटो तारखेसकट काढतो आणि दोन्ही मालकांना पाठवतो. कुणी सांगितलं नाही तरी.

दुरुस्ती होईतो कमी पॉवरवर चालवता येतं, पण दहा दिवसांच्या पुढे गेलं की एफसीसीला कळवायचं आणि तीस दिवसांच्या पुढे तात्पुरती परवानगी मागायची. पूर्ण बंद ठेवलं तरी दहाव्या दिवसापर्यंत कळवावंच लागतं. सलग बारा महिने आवाज नसेल तर लायसन्स आपोआप रद्द. त्यामुळे विक्री रखडलेली स्टेशनं वर्ष भरत आलं की चार दिवस कशीबशी हवेत येतात. तसल्या घाईच्या कामाला मला बोलावतात. पैसे आधी मिळाले तरच मी जातो.

सोबत एफएम ट्रान्सलेटर, म्हणजे एएमचेच कार्यक्रम एफएमवर लावणारा छोटा ट्रान्समीटर, असला की मालकाला वाटतं, एएम गेलं तरी चालेल. चालत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये अलाबामातल्या जॅस्परच्या डब्ल्यूजेएलएक्स स्टेशनने आपला 200 फुटी टॉवरच चोरीला गेल्याचं जाहीर केलं. एएम बंद, म्हणून एफसीसीने त्यांना ट्रान्सलेटरही चालवू दिला नाही. शहरांत टॉवरला धोका चोरापेक्षा बिल्डरचा जास्त. वॉशिंग्टनजवळ बेथेस्डात 630 किलोहर्ट्झचे टॉवर सुमारे 75 एकरांवर उभे होते. जमीन घरबांधणीसाठी विकली गेली आणि 2020 मध्ये ते पाडले. स्टेशन त्याआधीच दुसऱ्याच्या टॉवरवर भाड्याने गेलं होतं.

जिवाची गोष्ट थोडक्यात: चालू टॉवरला हात लावायचा नाही, दरवाजाचा इंटरलॉक, म्हणजे दार उघडताच वीज तोडणारा स्विच, कधी बायपास करायचा नाही, आणि वीज बंद केल्यावरही अर्थिंगच्या दांडीने प्रत्येक कपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. जुन्या 833ए व्हॅक्यूम ट्यूबच्या ट्रान्समीटरमध्ये काही हजार व्होल्ट असतात. एकट्याने जाऊ नका.

शिरायचं कसं? एफसीसीचं फर्स्ट क्लास लायसन्स लागायचं ते दिवस गेले. सोसायटी ऑफ ब्रॉडकास्ट इंजिनियर्सच्या परीक्षा असतात, पहिली द्या. त्यांच्या गावोगावच्या शाखांत बरेच सभासद निवृत्तीला आलेले आहेत आणि सोबत फिरणारं कुणीतरी त्यांना हवंच असतं. छोटी स्टेशनं व्हिसा स्पॉन्सर करत नाहीत, त्यामुळे ग्रीन कार्ड होईतो पोटापाण्याची नोकरी वेगळी धरा.

मंडळातले लोक मला हमखास विचारतात, एखादं स्वस्तातलं स्टेशन आपणच का घेऊ नये? एफसीसीच्या लेखी ग्रीन कार्डवालाही परदेशी. लायसन्सधारक कंपनीत परदेशी वाटा थेट 20 टक्क्यांपर्यंत, वरच्या कंपनीमार्फत 25 पर्यंत, पुढे खास परवानगी. तेव्हा नागरिकत्व कुणाकुणाकडे आहे ते आधी मोजा. आणि जमीन कुणाची, तेही विचारा.