घटस्फोटाचा दावा चालू असताना नवऱ्याचा त्रास : संरक्षण आदेश कसा मागायचा

नोटीस हातात पडली की रात्री-अपरात्रीचे फोन, ऑफिसच्या गेटवर उभं राहणं, माहेरी येऊन शिवीगाळ सुरू होते. घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत हे सोसत बसायचं कारण नाही.

कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 च्या कलम 12 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे संरक्षण आदेशासाठी, म्हणजे नवऱ्याला असा त्रास द्यायला मनाई करणाऱ्या आदेशासाठी अर्ज करा. सध्या माहेरी राहत असाल, तर तिथल्या न्यायालयातही चालतो. कौटुंबिक न्यायालयात दावा चालू असेल, तर कलम 26 मुळे हीच मागणी त्याच दाव्यात करता येते, खेटे वाचतात. सोबत कलम 23 चा अंतरिम (निकालापर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचा) अर्ज आणि प्रतिज्ञापत्र जोडा. धोका स्पष्ट दिसला, तर समोरच्याचं म्हणणं ऐकण्याआधीच एकतर्फी आदेश मिळू शकतो.

खरी गोम मागणीच्या शब्दांत आहे. नुसतं ‘त्रास देऊ नये’ असं लिहिलं, तर पुढे पोलीस विचारतात, भंग नेमका कशाचा झाला? म्हणून फोन, व्हॉट्सॲप, दुसऱ्याच्या नंबरवरून किंवा नातेवाइकांमार्फत निरोप, ऑफिसचा पत्ता, मुलांची शाळा हे सगळं कलम 18 खाली वेगवेगळं मांडा. संरक्षण आदेश मोडला, तर कलम 31 नुसार 1 वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र.

पुराव्यात बहुतेकींची चूक एकच: संतापून चॅट उडवतात किंवा जुना फोन विकतात. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फोन जपा. नंबर ब्लॉक करण्यापेक्षा म्यूट करा. उत्तरादाखल शिवी देऊ नका, कारण तुमचाही मेसेज न्यायाधीशांपुढे जाणार आहे.

धमकी किंवा मारहाण झाली, तर 112 वर फोन करा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. तिथे पुष्कळदा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून बोळवण होते. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय एनसीचा तपास होत नाही. पती किंवा सासरच्यांचा छळ भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 मध्ये बसतो. गुन्हा नोंदवला नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा आणि तरीही हालचाल नसेल, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. तक्रारीत अख्ख्या सासरची नावं मात्र घालू नका. कोणी, केव्हा, काय केलं हे नसेल, तर अशी नावं उच्च न्यायालयात गळतात आणि उरलेली तक्रारही लंगडी पडते.

त्रास बायकोकडून असेल, तर नवऱ्याला हा 2005 चा कायदा वापरता येत नाही. त्याने कौटुंबिक न्यायालयात मनाई हुकूम मागावा, धमकीची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 खाली द्यावी. तेच मेसेज घटस्फोटात क्रूरतेचा पुरावा म्हणून लावता येतात.

वकिलाची फी झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देतं, फोन 15100.

आदेश मिळाला की त्याची प्रत न्यायालयाकडून मोफत मिळते. ती स्वतः पोलीस ठाण्यात नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.