अळीचा विषाणू आणि रेबीजची लस: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

एम.एस्सी. करून बॅक्युलोव्हायरसच्या लॅबमध्ये प्रोजेक्टवर येणारी मुलं सुरुवातीला हमखास विचारतात, अळ्यांना मारणाऱ्या विषाणूचा रेबीजच्या लशीशी संबंध काय? मीही हाच प्रश्न घेऊन आले होते. तो नीट समजला की पुढचं बरंच काम सोपं जातं, म्हणून आधी तेवढं सांगते.

आपण वापरतो त्या विषाणूचं लघुनाव एसीएमएनपीव्ही. अळी मेल्यावर उन्हापावसात टिकून राहण्यासाठी तो पॉलिहेड्रिन नावाच्या प्रथिनाचे स्फटिक करतो आणि त्यात दडून बसतो. फ्लास्कमध्ये त्याला या कवचाची गरज नसते. मात्र पॉलिहेड्रिनच्या जीनचा प्रमोटर, म्हणजे जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा, अतिशय जोरकस. पॉलिहेड्रिन काढून त्या जागी दुसरा जीन बसवला की विषाणू शिरलेल्या कीटकपेशी त्या नव्या जीनचं प्रथिन भरभरून बनवतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात मॅक्स समर्स आणि गेल स्मिथ यांनी 1983 मध्ये अशा रीतीने मानवी इंटरफेरॉन बनवून दाखवलं. रेबीजच्या विषाणूची प्रथिनं पाचच. त्यातलं बाहेरून दिसणारं एकच, ते म्हणजे जी ग्लायकोप्रोटीन, आणि विषाणूला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी त्यालाच धरतात. म्हणजे लशीसाठी एक जीन पुरतो, जिवंत रेबीज विषाणू वाढवावा लागत नाही.

इथून दोन वाटा फुटतात. पहिलीत हे ‘जी’ प्रथिन कीटकपेशींत बनवून, शुद्ध करून टोचायचं. कॅडिला फार्मास्युटिकल्सने 2022 मध्ये आणलेली थ्रॅबिस ही तीन डोसांची लस याच वाटेची. पुण्याच्या सीरमची कोव्होव्हॅक्स ही कोविडची लसही कीटकपेशींतच बनवली गेली. दुसरीत बॅक्युलोव्हायरस स्वतःच वाहक होतो. जीपी64 या आवरण-प्रथिनामुळे तो सस्तन प्राण्यांच्या पेशीत शिरतो, पण तिथे त्याची वाढ होत नाही. पॉलिहेड्रिनचा प्रमोटर तिथे चालत नाही, म्हणून ‘जी’च्या जीनपुढे सस्तन पेशींत चालणारा, सीएमव्ही या विषाणूतून घेतलेल्यासारखा प्रमोटर लावायचा. काही जण ‘जी’ प्रथिन बॅक्युलोव्हायरसच्या अंगावरच बसवतात. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा लशीने उंदरांना रेबीजच्या जीवघेण्या मात्रेपासून पूर्ण संरक्षण दिलं. अडचण रक्तातल्या कॉम्प्लिमेंटची, म्हणजे संरक्षक प्रथिनांच्या संचाची; तो या विषाणूला चटकन निष्प्रभ करतो. दुसऱ्या वाटेचं संशोधन अजून प्राण्यांपुरतंच आहे, तरी मला तीच जास्त खुणावते.

आता हाताचं काम. आपण विषाणू वाढवतो त्या एसएफ9 पेशी लष्करी अळीच्या कोषाच्या अंडाशयातून आलेल्या, तीच अळी जी आपल्याकडे मक्याचा फडशा पाडते. त्यांना 27 अंश तापमान लागतं, कार्बन डायऑक्साइड लागत नाही. पॅसेज करताना, म्हणजे पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवताना, ट्रिप्सिन हे पेशी सोडवणारं एन्झाइम वापरू नका, फ्लास्कला हलक्या टपल्या मारल्या किंवा पिपेटने मीडिया सोडला की पेशी सुटतात. रोज मायक्रोस्कोपखाली बघा, काम नसलं तरी बघा. निरोगी पेशी गोल, चमकदार, कडा स्पष्ट. संसर्ग झाला की आधी पेशी फुगते, मग केंद्रक जवळजवळ सगळी पेशी व्यापतं, शेवटी पेशी तळ सोडून तरंगायला लागतात. हे डोळ्यांत बसलं की विषाणू कधी काढायचा हे कोणाला विचारावं लागत नाही.

बॅकमिडच्या, म्हणजे जीवाणूत वाढवलेल्या बॅक्युलोव्हायरस-जीनोमच्या, प्लेटला 48 तास द्या; आपला जीन बसलेल्या वसाहती पांढऱ्या राहतात, बाकीच्या निळ्या होतात. 24 तासांनी सगळ्याच वसाहती पांढऱ्या वाटतात, निळा रंग उशिरा चढतो. आणि विषाणूचा साठा वाढवताना एमओआय, म्हणजे दर पेशीमागे विषाणूचे कण, 0.1 च्या आसपासच ठेवा; जास्त विषाणू ओतून पॅसेजमागून पॅसेज केले की अर्धवट जीनोमचे कण माजतात आणि प्रथिनाचं उत्पन्न घसरतं.

माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं मात्र वेगळंच आहे. वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत ‘जी’चा पट्टा दिसला म्हणजे लस झाली असं धरून चालू नका. ब्लॉटसाठी आपण प्रथिन उकळून त्याची घडी मोडलेली असते. न्यूट्रलायझिंग, म्हणजे विषाणूला निकामी करणाऱ्या, अँटिबॉडी ओळखतात ती शाबूत घडी, तीन रेणूंनी मिळून केलेला आकार. कीटकपेशी प्रथिनावर साखरेच्या साखळ्या चढवतात, पण आपल्यापेक्षा आखूड. आणि 319 क्रमांकाच्या अ‍ॅस्परॅजिन या अमिनो आम्लावर साखर चढली नाही तर ‘जी’ची घडी बिघडते. म्हणून आकार ओळखणाऱ्या मोनोक्लोनल (एकाच प्रकारच्या) अँटिबॉडीने एलायझा ही प्लेटवरची चाचणी पहिल्या बॅचपासूनच लावा. खरा निकाल आरएफएफआयटी चाचणीत, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी रेबीज विषाणूला किती रोखतात हे मोजणाऱ्या न्यूट्रलायझेशन चाचणीत लागतो, आणि तिथे मिलिलिटरला किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक ही पुरेशा प्रतिसादाची रेषा मानली जाते.

या चाचणीत सीव्हीएस-11 हा जिवंत रेबीज विषाणू असतो. त्यामुळे आधी प्रतिबंधक लस पूर्ण करा, अँटिबॉडी तपासून घ्या आणि मगच त्या खोलीत पाऊल टाका. गाइड घाई करत असले तरी इथे ठाम राहा. लक्षणं दिसल्यावर रेबीजवर खात्रीचा उपचार नाही.

प्रवेशासाठी नेट, डीबीटी-बेट, गेट या परीक्षा हे नेहमीचेच रस्ते. मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही दोन गोष्टी विचारा: न्यूट्रलायझेशन चाचणी लॅबमध्येच होते की नमुने बाहेर पाठवतात, आणि जैवसुरक्षा समिती व प्राणी नीती समिती यांच्या मंजुऱ्या हातात आहेत की अजून अर्जच चालू आहेत. मंजुऱ्या नसतील तर उंदरांचं काम तोवर सुरूच करता येत नाही, आणि तुमच्या फेलोशिपची मुदत मात्र चालू राहते.